सकाळचा एक कार्यक्रम सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकतो तो कशाच्या आधारावर?

टिळकवाडीकर (बेळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चर्चासत्रासाठी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीचा 'टुडे' हा सकाळचा कार्यक्रम अभ्यासविषय म्हणून घेतला आहे. १४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम आजही सकाळी सातच्या ठोक्याला सुरू होतो, हे वाचल्यापासून तो माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे मालिका दीड-दोन वर्षांत गुंडाळल्या जातात आणि चर्चेच्या कार्यक्रमांची नावे बघता बघता बदलतात. तिकडे मात्र निवेदक बदलले, वाहिनीचे मालक बदलले, चित्र कृष्णधवलाचे रंगीत झाले, तरी त्याच नावाचा कार्यक्रम त्याच वेळेला उभा आहे.

आतापर्यंतच्या वाचनात मला याची दोन कारणे सापडली आणि दोन्हींनी समाधान झाले नाही. निवेदकांच्या लोकप्रियतेमुळे कार्यक्रम टिकला, हे पहिले कारण. पण पहिले निवेदक डेव्ह गॅरोवे १९६१ मध्येच बाहेर पडले आणि त्यानंतर कित्येक जण आले नि गेले. सकाळी लोकांना हलकेफुलके काहीतरी लागते, हे दुसरे कारण. पण मग तसे हलकेफुलके देणारे इतर अनेक कार्यक्रम बंद का पडले?

जाणकारांना माझी विनंती आहे की या कार्यक्रमाच्या इतिहासातील खरी वळणे कोणती आणि त्याची आतली बांधणी कशी असते, हे कृपया सांगावे. त्याबरोबर एक शंकाही आहे. आमच्या घरी एका बाजूने मुंबईच्या वाहिन्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूने बंगळूरच्या. आजी सकाळी दोन्ही आलटून पालटून लावते आणि शेवटी रेडिओकडे वळते. आपल्या सीमाभागाला सकाळचा स्वतःचा असा कार्यक्रम का लाभला नाही, हेही मला समजून घ्यायचे आहे.

खानापूरचा वाचक यांचे उत्तर

तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण निवेदकांची नावे पाठ असलेले पुष्कळ भेटतात, कार्यक्रमाच्या सांगाड्याविषयी विचारणारे क्वचित भेटतात. मी शाळेत इतिहास शिकवत होतो आणि प्रसारमाध्यमांचा इतिहास हा माझा निवृत्तीनंतरचा छंद आहे. जमेल तेवढे लिहितो.

'टुडे'ची कल्पना एनबीसीचे अधिकारी सिल्व्हेस्टर ऊर्फ पॅट वीव्हर यांची. त्या काळी सकाळ ही रेडिओची मानली जाई. दाढी करताना, न्याहारी करताना, मुलांचे डबे भरताना कानावर पडतो तो रेडिओ. अशा वेळी कोण संचापुढे बसणार, असा व्यवहारी माणसांचा आक्षेप होता. वीव्हर यांनी तो आक्षेप खोडून काढण्याऐवजी पोटात घेतला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लोक बसणार नाहीत हे मान्य करूनच त्यांनी कार्यक्रम आखला. मध्येच आत आलेल्याला पाच मिनिटांत सगळे कळावे आणि मध्येच उठून गेलेल्याचे काही बिघडू नये, अशी ती आखणी होती.

सुरुवातीचा स्टुडिओ म्हणजे न्यूयॉर्कच्या एकोणपन्नासाव्या रस्त्याला लागून असलेले आरसीए कंपनीचे प्रदर्शनगृह होते. दर्शनी बाजूला मोठी काच होती आणि बाहेर कामावर निघालेली माणसे थांबून आत डोकावत असत. आत जगातील निरनिराळ्या शहरांची वेळ दाखवणारी घड्याळे, दूरमुद्रक, टेलिफोन आणि वर्तमानपत्रे अशी मांडामांड होती. गॅरोवे रेडिओवरून आलेले. सभेपुढे बोलल्यासारखे न बोलता ते समोरच्या एकाच माणसाशी बोलावे तसे सावकाश बोलत आणि निरोप घेताना तळहात उंचावून 'शांती' या अर्थाचा एकच शब्द उच्चारत. देशात पूर्वेकडची आणि मध्यभागाची घड्याळे एका तासाच्या अंतराने चालतात, म्हणून ही मंडळी सलग तीन तास थेट प्रक्षेपण करीत आणि प्रत्येक भागाला त्याच्या सातपासून नऊपर्यंतचे दोन तास दिसत. ज्याच्या त्याच्या घड्याळात सात वाजले पाहिजेत, हा आग्रह पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आरंभी समीक्षक प्रतिकूल होते आणि जाहिरातदारही बेताचेच होते. १९५३ मध्ये जे. फ्रेड मग्ज नावाचे चिंपांझीचे पिल्लू कार्यक्रमात आले, मुलांनी संच लावायचा हट्ट धरला, मुलांमागून आईवडील पाहू लागले आणि जाहिरातींचा ओघ सुरू झाला. ही हकिकत खरी आहे, परंतु तिला अवास्तव महत्त्व दिले जाते असे माझे मत आहे. ते पिल्लू १९५७ पर्यंत होते. त्याच्यामुळे प्रेक्षक दारापर्यंत आले, पण पुढची सहा-सात दशके ते घरात राहिले ते वेगळ्या कारणांनी.

दुसरे वळण ३ नोव्हेंबर १९७५ चे. त्या दिवशी एबीसी वाहिनीने 'गुड मॉर्निंग अमेरिका' सुरू केला आणि मुख्य निवेदक म्हणून डेव्हिड हार्टमन हा अभिनेता घेतला. वृत्तकक्षाऐवजी घरातील बैठकीच्या खोलीसारखा देखावा, त्यात सोफा, त्यावर गप्पा, असे त्याचे रूप होते. स्पर्धा सुरू झाल्यावर दोघांनीही एकमेकांकडून घेतले. पुढे डिसेंबर १९९५ पासून एप्रिल २०१२ पर्यंत सलग ८५२ आठवडे 'टुडे' प्रेक्षकसंख्येत पहिला राहिला. या दोन घटनांच्या मध्ये, १९९४ मध्ये, कार्यक्रम पुन्हा रस्त्याकडेच्या काचेच्या स्टुडिओत आला, ही गोष्ट बहुतेक जण घाईने ओलांडून जातात. चाळीस वर्षांनंतर त्यांना पहिल्यासारखीच जागा हवीशी वाटली. काचेबाहेरची माणसे, त्यांच्या हातातील छत्र्या, अंगावरचे कोट पाहिले की घरात बसलेल्याला बाहेरची हवा न सांगता कळते.

निवेदकांविषयीची तुमची शंका रास्त आहे आणि तिला बळ देणारे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तेथे बीबीसीचा 'ब्रेकफास्ट टाइम' १७ जानेवारी १९८३ रोजी आणि त्याचा प्रतिस्पर्धी 'टीव्ही-एएम' १ फेब्रुवारी १९८३ रोजी सुरू झाला. 'टीव्ही-एएम'कडे डेव्हिड फ्रॉस्ट, मायकेल पार्किन्सन, अॅना फोर्ड, अँजेला रिपन आणि रॉबर्ट की अशी पाच नामवंत माणसे होती. बीबीसीकडे लाल सोफा, स्वेटर घातलेले फ्रँक बॉफ आणि मोकळेढाकळे बोलणे होते. प्रेक्षक बीबीसीकडे गेले. पाच नामवंतांच्या वाहिनीला सावरले ते त्याच वर्षी आलेल्या रोलँड रॅट या उंदराच्या बाहुलीने. मोठी नावे पहिल्या दिवशी उपयोगी पडतात, तिसाव्या दिवशी नाही.

निपाणीहून एक जण यांचे उत्तर

वरील इतिहास उत्तम आहे. मी काही वर्षे स्थानिक केबलवरील बातम्यांचे काम केले असल्याने बांधणीविषयी लिहितो.

'टुडे'चे मूळ दोन तास म्हणजे खरे तर चार अर्धे तास आहेत. सातला ठळक आणि गंभीर बातम्या, वार्ताहरांचे थेट वृत्तान्त, राजकीय मुलाखत. पुढच्या अर्ध्या तासात त्याच बातम्यांचा थोडक्यात पुनरुच्चार आणि नंतर जरा दमाने सांगण्याच्या गोष्टी. आठनंतर कर्ती माणसे घराबाहेर पडलेली असतात, म्हणून आरोग्य, स्वयंपाक, पुस्तके, कलावंत यांची पाळी येते. दर अर्ध्या तासाला बातम्या आणि हवामान पुन्हा येतेच. नवख्या माणसाला हा पुनरुच्चार आळस वाटतो. पण सात वाजून दहा मिनिटांनी पाहणारा आणि सात चाळीसला पाहणारा हे एकाच घरातील दोन वेगळे प्रेक्षक असतात, हे ध्यानात घेतले की त्याचे मोल कळते. २००० मध्ये तिसरा आणि २००७ मध्ये चौथा तास जोडला गेला, मात्र त्यांची प्रकृती वेगळी आहे. ते जवळजवळ स्वतंत्र गप्पांचे कार्यक्रम आहेत.

आता ज्या भागासाठी मी मुद्दाम लिहायला बसलो, तो सांगतो. प्रत्येक अर्ध्या तासाच्या शेवटाकडे न्यूयॉर्कचा स्टुडिओ बाजूला होतो आणि काही मिनिटे देशभरातील स्थानिक केंद्रांच्या हवाली करतो. १९९६ पासून हवामान सांगणारे अल रोकर देशाचा नकाशा दाखवतात आणि 'आता तुमच्या भागात काय आहे ते पाहा' अशा अर्थाचे वाक्य बोलून थांबतात. त्या क्षणी प्रत्येक शहरात त्या शहराचा माणूस पडद्यावर येतो. कोणता पूल बंद आहे, कुठे धुके आहे, कुठल्या शाळा उशिरा भरणार आहेत, हे तो सांगतो आणि मग सगळे पुन्हा न्यूयॉर्कला परततात. त्या वेळातील जाहिरातीही स्थानिक केंद्र स्वतः विकते, म्हणून केंद्रालाही हा कार्यक्रम आपला वाटतो. ही खिडकी बंद केली तर उरलेला कार्यक्रम कितीही देखणा असला तरी गावोगावच्या माणसाला तो परक्या शहराचा वाटेल, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे काय होते? मुंबईच्या वाहिनीवर सकाळी लोकलगाड्यांचा खोळंबा सांगतात, बंगळूरच्या वाहिनीवर तिथल्या रस्त्यांवरची कोंडी. हवामानात एकीकडे कोल्हापूरपर्यंत येऊन थांबतात, दुसरीकडे धारवाड-हुबळीपर्यंत. मधला पट्टा कोणाच्याच खिडकीत येत नाही. दूरदर्शनचे सकाळचे प्रक्षेपण १९८७ पासून आहे आणि त्याची मला जवळीक वाटते, परंतु देशाला उद्देशून बोलणारा माणूस निपाणीच्या बसस्थानकाविषयी बोलू शकत नाही, हे उघड आहे.

आम्ही एका केबल वाहिनीवर तसा प्रयत्न केला होता. सकाळी सातला अर्धा तास: बाजारभाव, पाणीपुरवठा, एक पाहुणा, फोन. तो सव्वा वर्ष चालला. बंद पडला तो पैशांच्या अभावी, असे सगळे सांगतात. मी त्याच खोलीत बसत होतो, म्हणून दुसरे कारण सांगतो. पाहुणा आला नाही की आम्ही थांबत असू. सातचे सात-पाच झाले, मग सात-बारा झाले, एकदा साडेसात झाले. एका दुकानदाराने मला सांगितले की पूर्वी तो आमचा कार्यक्रम लागला की शटर उघडायला निघत असे, आता तो भिंतीवरचे घड्याळ पाहतो. तेव्हाच मला कळायला हवे होते. पाहुण्याविना चालेल असा मजकूर रोज हाताशी ठेवायला हवा होता आणि सातला प्रक्षेपणाचा लाल दिवा लागायलाच हवा होता.

चिक्कोडीच्या वाचक यांचे उत्तर

दोघांचेही लिहिणे आवडले. मी प्रेक्षक म्हणून दोन गोष्टींची भर घालते आणि एका ठिकाणी असहमती नोंदवते.

आमचे गाव कृष्णेपासून लांब नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढत होते, तेव्हा सकाळी आम्हाला एकच माहिती हवी होती: वरून किती सोडले आणि खाली किती जात आहे. कोयनेतून, राधानगरीतून, काळम्मावाडीतून विसर्ग किती, हे मराठी वाहिन्या सांगत. हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी धरण यांची स्थिती कन्नड वाहिन्या सांगत. पाणी मात्र राज्याची हद्द विचारून येत नाही. पंचगंगा आणि दूधगंगा कृष्णेला मिळाल्या की ते सगळे एकच असते. मी एका वहीत डाव्या बाजूला मराठीतून ऐकलेले आकडे आणि उजव्या बाजूला कन्नडमधून ऐकलेले आकडे लिहीत होते आणि शेजारच्या जाऊबाई मला विचारून जात होत्या. निपाणीच्या भाऊंनी ज्या खिडकीविषयी लिहिले आहे, ती त्या दिवसांत माझ्या वहीत होती. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी सांगणारा एक माणूस आम्हाला पुरला असता.

असहमती अशी की तुम्ही दोघेही मुलाखतीला दुय्यम मानता. बांधणी घड्याळाची असेल, पण लोक जीव लावतात तो विचारणाऱ्या माणसाला. बार्बरा वॉल्टर्स १९६१ मध्ये 'टुडे'त लेखिका म्हणून आल्या. पुढे त्या पडद्यावर आल्या, तरी १९७१ मध्ये मुख्य निवेदक झालेल्या फ्रँक मॅगी यांनी अट घातली की स्टुडिओतील महत्त्वाच्या मुलाखतींत पहिले तीन प्रश्न आपण विचारू आणि त्यानंतर त्यांनी बोलावे. वॉल्टर्स यांनी यातून वाट काढली ती स्टुडिओबाहेर जाऊन. पाहुण्यांना त्यांच्या ठिकाणी गाठून त्या मुलाखती घेऊ लागल्या, कारण तेथे ती अट लागू नव्हती. मॅगी यांच्या निधनानंतर, १९७४ मध्ये, त्यांना सहनिवेदिकेचे पद अधिकृतपणे मिळाले आणि १९७६ मध्ये त्या एबीसीच्या संध्याकाळच्या बातम्यांकडे गेल्या. २०१८ मध्ये सव्हाना गथरी आणि होडा कोटबी या दोन स्त्रियांनी मिळून त्याच मुख्य खुर्च्या सांभाळल्या, हे वाचताना मला ते तीन प्रश्न आठवले. पुढे २०२५ मध्ये कोटबी यांच्या जागी क्रेग मेल्विन आले. चांगल्या विचारणाऱ्याचे मोल आपल्यालाही ठाऊक आहे. सह्याद्री वाहिनीवरचे 'हॅलो सखी' पाहताना फोन करणाऱ्या बाईचा प्रश्न पुरता ऐकून घेतला जातो की नाही, इकडे माझ्या सासूबाईंचे बारीक लक्ष असे.

आणखी एक. हवामान सांगणारे विलर्ड स्कॉट १९८३ पासून शंभरी गाठलेल्या वृद्धांची नावे घेऊन त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ लागले. बातमी म्हणून तिला काही किंमत नाही, पण एखाद्या लहान गावातील म्हातारीचे नाव देशभर घेतले जाते, तेव्हा त्या गावासाठी तो कार्यक्रम कायमचा आपला होतो. बांधणीचा अभ्यास करताना हे सुटू देऊ नका, ताई.

टिळकवाडीकर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मी निबंधाचा आराखडा बदलला आहे. निवेदकांच्या कारकिर्दींप्रमाणे प्रकरणे पाडली होती, ती मोडून आता अर्ध्या तासाची रचना, स्थानिक खिडकी आणि मुलाखत अशी मांडणी करीत आहे. चिक्कोडीच्या काकूंच्या वहीचा उल्लेख त्यांची अनुमती असेल तर करीन.

एक शंका उरली आहे. आजी शेवटी रेडिओकडेच का वळते, याचे उत्तर मला आता थोडे दिसू लागले आहे. पण सीमाभागातील अशा कार्यक्रमाची भाषा कोणती असावी? दोन भाषांत प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली तर अर्ध्या तासात पंधरा मिनिटांचाच मजकूर बसेल.

खानापूरचा वाचक

आजीविषयी आधी सांगतो. आमच्या पिढीत पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या सांगली केंद्रावरून लागत आणि त्यावर घरातील घड्याळे लावली जात. त्या संपल्या की काटा फिरवून धारवाड केंद्र लावायचे. धारवाड १९५० पासूनचे, सांगली १९६३ पासूनचे. तुमच्या आजी जे आज वाहिन्यांवर करतात, ते तेव्हा आम्ही एका काट्यावर करत होतो आणि दोन्ही ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला ठरलेली गोष्ट मिळत असे. त्या रेडिओकडे का वळतात, याचे उत्तर मला त्या मिनिटात दिसते.

भाषेची अडचण मला तुम्हाला वाटते तेवढी मोठी वाटत नाही. गंभीर बातमी एका अर्ध्या तासात मराठीतून आणि पुढच्या अर्ध्या तासात कन्नडमधून सांगता येईल, कारण निपाणीच्या मित्रांनी दाखवल्याप्रमाणे दर अर्ध्या तासाला पुनरुच्चार व्हायचाच असतो. तो दुसऱ्या भाषेत झाला म्हणजे वेळ वाया जात नाही. मुलाखतीत पाहुणा त्याच्या भाषेत बोलेल आणि विचारणारा त्याला त्याच भाषेत विचारील. आमच्या खानापूरच्या आठवडी बाजारात दोन्ही भाषांत भाव होतो आणि कोणी दुभाषा नेमत नाही. आकडे, मग ते धरणातील विसर्गाचे असोत की राकसकोप जलाशयातील पाणीपातळीचे, पडद्यावर अंकांत लिहिता येतात.

चिक्कोडीच्या वाचक

वहीचा उल्लेख जरूर करा. नाव घालू नका, गावही नको, 'कृष्णाकाठची एक गृहिणी' एवढे पुरे. वही अजून आहे. हवी असल्यास पानांची छायाचित्रे पाठवते. ८ ऑगस्टच्या पानावर पाणी सांडले आहे, पण आकडे वाचता येतात.